माश्यांचं गोड

साडेनऊला भांडी पालथी घालून
मी जिन्यात येऊन बसते, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर,
कारण सिडकोतल्या आमच्या घरात रेंज
फक्त न्हाणीत येते, आणि तिथं नळ बोलतो.

पडद्यावर चार चौकोन.
एकात शिलाँगची इबा, वय बावीस, आमची कोच.
एकात कोट्टायमची नर्स, मागं सलाइनचे स्टँड.
एकात पूर्णियाचा यादवेंद्र, त्याच्याकडची वीज गेली
की नुसते दात दिसतात.
आणि एकात 'चंद्रकला, नाशिक',
डोक्यावर जिन्याचा दिवा,
दर दोन मिनिटांनी विझणारा, हात हलवला की पेटणारा.
त्यांना वाटतं, मी फार हातवारे करून बोलते.

खेळ असा: तुमच्यापुढे शब्द येतो.
तो उच्चारायचा नाही.
खाली आणखी चार, तेही वर्ज्य.
साठ सेकंदांत बाकीच्यांनी ओळखायचा.

पहिल्या रात्री मला मीठ आलं.
समुद्र म्हणायचं नाही, पांढरं नाही, चव नाही.
घाम फुटला.
घामाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना,
नाहीतर तोच पुरला असता.
मग तोंडातून गेलं,
इफ आय फरगेट, मदर-इन-लॉ रिमेंबर.
सॉल्ट! कोट्टायम ओरडली.
इबा म्हणाली, रिमेंबर्स. एस लावा.
तो एस मी दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर अंबडला नेला,
शेअर रिक्षात पुटपुटत.

अंबडला मी रिले तपासते. बावीस वर्षं.
कानाशी धरायचा, टिक ऐकायची.
मशीन ज्याला पास करतं
तो कधीकधी मला खोटा वाटतो,
आणि खोटाच निघतो.
हे परदेशी पाहुण्यांना सांगायला जावं
तर आमचा तरणा इंजिनियर माझी पाच वाक्यं ऐकून घेतो
आणि म्हणतो, शी सेज ओके.
त्या ओकेपायी मी जिन्यात बसते.

इबानं एकदा विचारलं, तुम्हाला हा खेळ इतका कसा जमतो?
हसू आलं.
निफाडला आमच्या आईनं वडिलांचं नाव
कधी घेतलं नाही. नाव माधव.
म्हणून घरात मध नव्हता.
म्हणजे होता, फडताळात, बरणीत,
पण त्याला म्हणायचं माश्यांचं गोड.
रेशनच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, कुटुंबप्रमुख?
ते... गोकुळातले.
कृष्णा?
त्यांचंच, दुसरं.
गोपाळ? मुकुंद? अहो बाई, मागं रांग आहे!
सात वर्षांची मी ओरडले, माधव.
त्यानं लिहून घेतलं.
मला तिथंच एक चापट बसली.

नोव्हेंबरात पाहुणे आले.
डिफेक्टिव्ह हा शब्द ऐनवेळी पळाला.
डोक्यात साठ सेकंद सुरू झाले.
म्हणाले, सर, धिस वन सेज यस, बट थिंक्स फर्स्ट.
त्यांनी रिले उचलला, स्वतःच्या कानाशी धरला.
पुष्कळ वेळ.
इंजिनियर बुटांकडे बघत राहिला.
मग तो रिले लाल ट्रेमध्ये गेला.
एवढंच. पगार आहे तेवढाच आहे.

आणि काल रात्री शब्द आला, हनी.
खाली वर्ज्य: बी. स्वीट.
पुढचे दोन मी वाचलेच नाहीत.
आईचे दोन्ही शब्द काढून घेतलेले.
वडील जाऊन अकरा वर्षं झाली,
ती अजून दुकानात बोटानंच बरणी दाखवते.

दिवा विझला. मी हात हलवला नाही.
चंद्रकला, आर यू देअर?
अंधारात म्हणाले, माय फादर्स नेम.
एस लावून.

यादवेंद्र म्हणाला, शुगर? सन?
टाइम अप. शून्य.

कोट्टायमनं हळूच विचारलं,
सो, व्हॉट इज युवर फादर्स नेम?

मी मागं वळून बघितलं.
जिन्यात कुणी नव्हतं.